कोडचा सातबारा, हरवलेले फेरफार

विशेष प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सोर्ससेफ’ या प्रणालीची शेवटची आवृत्ती २००५ ची. तिला कंपनीकडून मिळणारे नियमित साहाय्य २०१२ मध्ये थांबले आणि त्यानंतर उरलेले वाढीव साहाय्यही २०१७ मध्ये संपुष्टात आले. एखाद्या उत्पादनाची अखेर याहून स्पष्टपणे जाहीर होत नाही. तरीही या प्रणालीत ठेवलेले कोडचे साठे नाहीसे झालेले नाहीत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या काही वर्षांत व्हिज्युअल बेसिक किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या हिशेबाच्या, मालसाठ्याच्या, पगाराच्या आज्ञावल्या जोवर कुठे ना कुठे चालू आहेत, तोवर त्यांच्या जन्मापासूनची टिपणे सांभाळणारा हा डेटाबेसही एखाद्या जुन्या सर्व्हरवर पडून राहतो. मग कधीतरी तो सर्व्हरच बदलण्याची वेळ येते आणि ‘हे सगळे गिटमध्ये हलवा’ असा आदेश निघतो.

आदेश एका ओळीचा असतो. कामाच्या अंदाजपत्रकातही ‘स्थलांतर’ एवढाच रकाना आणि त्यासमोर एका शनिवार-रविवारची मुदत असते. वस्तुस्थिती अशी की, रूपांतर करणारी आज्ञावली प्रत्यक्ष चालवणे हा या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. जुना साठा तपासणे, दुरुस्त करणे, त्यातले काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे हे ठरवणे, यात खरा वेळ जातो. कोडचा इतिहास शाबूत राहणार की नाही, याचा निकालही याच टप्प्यावर लागतो. असा निर्णय वरिष्ठांनी घ्यायचा की मुदत गाठण्यासाठी धावणाऱ्या एखाद्या नवख्या अभियंत्याने, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हे प्रकरण समजण्यासाठी महाराष्ट्रातील वाचकाला संगणकशास्त्राची आवश्यकता नाही. जमिनीची आजची स्थिती सातबाऱ्यावर दिसते. ती तशी का झाली, कोणत्या वर्षी कोणाचे नाव लागले आणि कोणाचे कमी झाले, हे गाव नमुना सहामधील फेरफार नोंदींवरून कळते. वाद उद्भवला की वकील पहिल्यांदा फेरफारच मागतो. व्हर्जन कंट्रोल प्रणाली ही कोडची फेरफार नोंदवही होय. आजचा कोड हा सातबारा. एखादी ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलली, याची नोंद हा फेरफार. नवा सातबारा हाती आला आणि फेरफारांचे बाड वाटेत गळाले, तर काय होते हे गावोगावच्या खातेदारांना वेगळे सांगायला नको.

सर्व्हरविना चाललेले दफ्तर

सोर्ससेफ मूळचे ‘वन ट्री सॉफ्टवेअर’ या छोट्या अमेरिकी कंपनीचे. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये ते विकत घेतले आणि पुढे १९९८ च्या व्हिज्युअल स्टुडिओसोबत त्याची सहावी आवृत्ती घरोघरी नव्हे, पण कार्यालयोकार्यालयी पोहोचली. त्याच्या लोकप्रियतेचे आणि दुखण्याचे कारण एकच होते, ते म्हणजे त्याची साधी रचना. नेटवर्कवरील एक सामायिक फोल्डर, त्यात ‘डेटा’ नावाचे दुसरे, त्याच्या पोटात ए ते झेड अशी अक्षरांची फोल्डरे आणि त्यांत अर्थहीन आठ अक्षरी नावांच्या फायली. हा झाला डेटाबेस. त्यावर देखरेख करणारा सर्व्हर नव्हता. प्रत्येक कर्मचाऱ्याचा संगणक नेटवर्कवरून या फायलींमध्ये थेट लिहीत असे. साहजिकच प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा द्यावी लागे आणि लिहिण्याची मुभा म्हणजे पुसण्याचीही.

लिहिता लिहिता वीज गेली वा नेटवर्क तुटले, तर नोंद अर्धवट राहत असे. भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी अशा प्रणालींवर काम केले, त्यांना याचा अनुभव असेल. पण ही मोडतोड लगेच उघडकीस येत नव्हती, हे अधिक घातक. सोर्ससेफ प्रत्येक फायलीची सर्वांत नवी आवृत्ती पूर्ण स्वरूपात ठेवते आणि जुन्या आवृत्त्या ‘नव्यातून काय वजा करायचे’ अशा उलट्या फरकांच्या रूपात. त्यामुळे आजचा कोड नीट मिळत राहतो, दैनंदिन काम चालू राहते, आणि साखळीतली सात वर्षांपूर्वीची एक कडी तुटलेली आहे हे कोणाच्या गावीही नसते. रूपांतर करणारी आज्ञावली जेव्हा प्रत्येक फायलीची प्रत्येक आवृत्ती मागू लागते, तेव्हा त्या दफ्तराचे पहिल्यांदाच आद्यंत वाचन होते. स्थलांतरात बिघाड ‘झाला’ असे म्हटले जाते. बिघाड बहुधा जुनाच असतो, तो त्या दिवशी सापडतो इतकेच.

म्हणून तयारीची पहिली पायरी म्हणजे ‘अ‍ॅनलाइझ’ या सोर्ससेफसोबतच मिळणाऱ्या तपासणी साधनाचा वापर. ते चालवताना कोणीही डेटाबेसमध्ये काम करीत असता कामा नये. आधी संपूर्ण साठ्याची प्रत एखाद्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर घ्यावी, ती दुसऱ्या यंत्रावर उघडते याची खात्री करावी, आणि मग त्या प्रतीवरच दुरुस्ती चालवावी. एकदा चालवून भागत नाही. एक दोष काढला की त्यामागचा दुसरा दिसतो, म्हणून अहवाल स्वच्छ येईपर्यंत पुनःपुन्हा चालवावे लागते. डेटाबेसचा आकार तीन ते पाच गिगाबाइटच्या पलीकडे जाऊ देऊ नये, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला होता. ज्यांनी तो मानला नाही, त्यांच्या वाट्याला तासन् तास चालणारी आणि मध्येच कोलमडणारी तपासणी येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तपासणी साधनाची ‘दुरुस्ती’ म्हणजे गेलेले परत मिळवणे नव्हे. तुटलेला दुवा काढून टाकणे, हीदेखील त्याच्या लेखी दुरुस्तीच. काय काढले गेले याचा अहवाल जपून ठेवला नाही, तर पुढे कधीही ते सांगता येणार नाही.

याच टप्प्यावर ‘चेक-आउट’ करून ठेवलेल्या फायलींचा हिशेब करावा लागतो. कामासाठी आपल्या नावे काढून घेतलेली फाईल परत जमा न करताच नोकरी सोडून गेलेले कर्मचारी कोणत्या कार्यालयात नसतात? ग्रंथालयातील न परतलेल्या पुस्तकांसारखीच ही यादी असते. फरक इतकाच की, येथे त्या माणसाच्या संगणकासोबत त्याने केलेला बदलही कदाचित भंगारात गेलेला असतो. ते कुलूप रद्द करण्याआधी तो बदल कुठे शिल्लक आहे का, हे पाहण्याची तसदी एकदा तरी घेतली पाहिजे.

दहा तासांनी पुढे असलेले घड्याळ

सोर्ससेफमध्ये नोंदीची वेळ ठरते ती काम करणाऱ्याच्या संगणकातील घड्याळावरून. सर्व्हरच नसल्यामुळे दुसरे घड्याळ आणणार कोठून? एखाद्याचे घड्याळ वीस मिनिटे मागे असेल, तर त्याची नोंदही वीस मिनिटे मागची. पुणे आणि न्यूयॉर्क येथील दोन कर्मचारी एकाच डेटाबेसवर काम करीत असतील, तर हिवाळ्यात त्यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर. पुण्यात केलेली दुरुस्ती कागदोपत्री न्यूयॉर्कमधील तिच्या नंतरच्या बदलाहूनही उशिराची ठरते. स्थानिक वेळेची ही अडचण दूर करण्यासाठी डेटाबेसला स्वतःचा कालविभाग देण्याची सोय झाली ती २००५ च्या आवृत्तीत. तोवर अनेकांची बरीच वर्षे लिहून झाली होती.

वेळेचा हा घोळ किरकोळ वाटेल, पण पुढचे सारे गणित त्यावर उभे आहे. सोर्ससेफमध्ये, तसेच सीव्हीएस या त्याहून जुन्या प्रणालीतही, प्रत्येक फायलीचा इतिहास स्वतंत्र असतो. एका दुरुस्तीसाठी दहा फायली बदलल्या, तर दहा सुट्या नोंदी होतात. गिटमध्ये मात्र एक बदल म्हणजे एक नोंद, मग त्यात फायली कितीही असोत. साहजिकच रूपांतरकाला अंदाज बांधावा लागतो. नाव तेच, शेरा तोच आणि वेळ जवळपासची, तर त्या नोंदी एकाच कामाच्या समजायच्या. सीव्हीएसचे साठे हलवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सीव्हीएस टू एसव्हीएन’ या प्रसिद्ध आज्ञावलीत ही जवळीक पाच मिनिटांची धरलेली आहे. घड्याळे चुकीची असली, की पाच मिनिटांचा हा नियम एकाच कामाचे तुकडे करतो. शेरा लिहिण्याचा आळस असलेल्या कार्यालयात तर तुलनेसाठी शेराच नसतो. पंधरा वर्षांपूर्वी शेऱ्याची चौकट रिकामी सोडणाऱ्याने आपण कोणाला अडचणीत टाकीत आहोत याचा विचार केला नसणार.

सोर्ससेफच्या काही सोयी तर नव्या प्रणालींत मुळी नाहीतच. एकच फाईल अनेक प्रकल्पांत ‘शेअर’ करता येत असे आणि एका ठिकाणचा बदल सर्वत्र उमटे. एखाद्या प्रकल्पापुरती ती जुन्या आवृत्तीवर ‘पिन’ करून, म्हणजे टाचून, ठेवता येत असे. मायक्रोसॉफ्टने आपल्याच टीम फाउंडेशन सर्व्हरसाठी जो रूपांतरक दिला होता, त्यालाही यावर खरा तोडगा काढता आला नाही. सामायिक फायलींच्या त्याने स्वतंत्र प्रती केल्या आणि टाचणीच्या जागी खुणेची लेबले लावली. स्थलांतरानंतर पहिल्याच महिन्यात ‘एका ठिकाणी दुरुस्त केलेली चूक दुसऱ्या प्रकल्पात तशीच कशी?’ हा प्रश्न उपस्थित होतो, त्याचे मूळ येथे असते. सामायिक फायलींची यादी आधीच करून त्यांना स्वतंत्र ग्रंथालयाचे रूप देणे, हाच त्यावरचा उपाय. पण त्यासाठी कोणता प्रकल्प कशावर अवलंबून आहे हे जाणणारी व्यक्ती कार्यालयात शिल्लक असावी लागते.

इतिहास किती न्यायचा?

या प्रश्नावर जाणकारांत दोन तट आहेत. लिनक्सच्या कर्नेलचे उदाहरण एका बाजूचे. बिटकीपर ही प्रणाली सोडावी लागल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिले आणि त्यात कर्नेलचा साठा सुरू केला तो जुना इतिहास न घेता. तो उपलब्ध होता, पण सुमारे ३.२ गिगाबाइटचे ते ओझे नवजात प्रणालीवर कशाला, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. पहिल्याच नोंदीच्या शेऱ्यात त्यांनी ते लिहूनही ठेवले, आणि जुना इतिहास पुढे स्वतंत्र साठ्याच्या रूपाने उपलब्ध झाला. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या जुन्या केंद्रीकृत प्रणालीतून गिटकडे नेणाऱ्या आयात सुविधेत इतिहासाची मर्यादा जास्तीत जास्त १८० दिवसांची ठेवली.

दुसरे टोक जीसीसी या सुप्रसिद्ध कंपायलरचे. १९८० च्या दशकात जन्मलेल्या या प्रकल्पाने २००५ मध्ये सीव्हीएस सोडून सबव्हर्जन घेतले होते. तेथून गिटकडे जाण्याचे प्रत्यक्ष काम २०१५ च्या सुमारास सुरू झाले आणि पूर्ण झाले ते जानेवारी २०२० मधील एका शनिवार-रविवारी. सुमारे २ लाख ८० हजार नोंदींचा इतिहास न्यायचा होता. एरिक रेमंड यांचे ‘रिपोसर्जन’ हे साधन या आकारापुढे अपुरे पडू लागले, तेव्हा ते पायथन भाषेतून गो भाषेत नव्याने उतरवण्यात आले. जोसेफ मायर्स यांच्यासारख्या प्रकल्पातील अनुभवी मंडळींनी एकेक शाखा आणि एकेक विसंगती तपासली. जुन्या प्रणालीत नोंद जमा करणाऱ्याचेच नाव राहत असे, प्रत्यक्ष बदल लिहिणाऱ्याचे नव्हे. ती खरी नावे प्रकल्पाच्या ‘चेंजलॉग’ या लेखी रोजनिशीतून शोधून नव्या नोंदींना लावण्यात आली. शिवाय जुन्या नोंदींच्या शेऱ्यांत सबव्हर्जनचा मूळ क्रमांकही ठेवला गेला. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या पत्रव्यवहारात ‘अमुक क्रमांकाचा बदल पाहा’ असे लिहिलेले असेल, तर तो आजही सापडतो. शेवटचा शनिवार-रविवार सर्वांना दिसला, त्याआधीची चार-पाच वर्षे फारशी कोणाला दिसली नाहीत.

दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्यच म्हणावे लागतील, कारण दोन्ही उघडपणे आणि विचारपूर्वक घेतले गेले. इतिहास मागे ठेवणे हा अपराध नाही. तो मागे ठेवला हे कोणालाच ठाऊक नसणे, हा मात्र अपराध आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमविरुद्ध खटला दाखल केला आणि लिनक्समधील कोड आला कोठून, हा प्रश्न न्यायालयात गेला. त्यानंतर २००४ मध्ये कर्नेलच्या प्रत्येक बदलावर तो देणाऱ्याची लेखी ग्वाही घेण्याची पद्धत सुरू झाली. कोणती ओळ कोणाची, याचे उत्तर देता येणे हे त्या दिवसांपासून केवळ अभियंत्यांच्या सोयीचे राहिलेले नाही.

पुणे-मुंबईच्या सॉफ्टवेअर उद्योगाला तर हा प्रश्न अधिकच जवळचा. परदेशी ग्राहकांच्या जुन्या प्रणालींची देखभाल हा या उद्योगाचा मोठा आधार राहिला आहे. करार एका कंपनीकडून दुसरीकडे जातो, माणसे बदलतात, हस्तांतराच्या बैठका आठवडाभरात आटोपतात. त्यानंतर विचारायला उरते ती फक्त ही नोंदवही. व्याजाच्या हिशेबात एका विशिष्ट तारखेसाठी केलेली अपवादात्मक तरतूद चूक आहे की ग्राहकाने मागून घेतलेली आहे, हे २००३ सालच्या एखाद्या ओळीच्या शेऱ्यावरूनच कळते. शेरा नसेल, तर ती तरतूद काढायची हिंमत कोणी करीत नाही, आणि ठेवायची जबाबदारीही कोणी घेत नाही.

पोटात दडलेले संकेतशब्द

जुना साठा जसाच्या तसा नेण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी एक धोका लक्षात घेतला पाहिजे. सोर्ससेफचे फोल्डर कार्यालयाच्या भिंतींच्या आत होते. गिटमध्ये साठा उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर साधारणतः संपूर्ण इतिहास जातो. त्या काळी डेटाबेसच्या जोडणीची ओळ संकेतशब्दासकट कोडमध्येच लिहिण्याची सर्रास पद्धत होती. नंतर ती ओळ काढली गेली असली, तरी जुन्या आवृत्तीत ती जिवंत असते. एकदा साठा सर्वांना वाटल्यावर ती पुसणे महाग पडते. गिटमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख आधीच्या नोंदीवर अवलंबून असते, त्यामुळे मधली एक बदलली की पुढच्या सगळ्या बदलतात. तेव्हा शोध आणि सफाई वाटपाआधीच व्हायला हवी, आणि सापडलेले संकेतशब्द मूळ प्रणालीतही बदलून घ्यायला हवेत. कोडसोबत वर्षानुवर्षे जमा केलेली इन्स्टॉलर, छायाचित्रे, प्रचंड डेटा फायली यांचाही विचार याच वेळी करावा लागतो. गिटहब तर १०० मेगाबाइटहून मोठी फाईल स्वीकारतच नाही.

मराठी सॉफ्टवेअरच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी पडद्यावरील मराठी मजकूर सी-डॅकच्या ‘इस्फॉक’सारख्या फाँटच्या संकेतांत लिहिला जाई. फाँट नसेल तर तो युरोपीय चिन्हांचा गोंधळ दिसतो. स्थलांतर करणाऱ्याने तो पश्चिम युरोपीय मजकूर समजून युनिकोडमध्ये बदलला, तर बिले आणि पावत्या छापणारी जुनी आज्ञावली दुसऱ्या दिवशी मराठीऐवजी कचरा छापू लागेल. नोंदींचे शेरे युनिकोडमध्ये न्यावेत, फायलींच्या अंतरंगाला मात्र हात लावू नये. ओळीच्या शेवटी असणाऱ्या अदृश्य खुणा ‘सुधारण्याचा’ मोहही टाळावा. त्या सुधारणा पुढे कधीतरी, स्वतंत्र नोंद करून करता येतात.

चावडी वाचन

राज्यात संगणकीकृत सातबारा अंतिम करण्यापूर्वी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. खातेदारांसमोर उतारे वाचून हरकती मागवण्यात आल्या, कारण आपल्या शेताच्या नोंदीतील चूक ज्याची त्यालाच दिसते. कोडच्या बाबतीतही याला पर्याय नाही. प्रायोगिक स्थलांतर एकदा नव्हे, तर अनेकदा करावे. जुन्या प्रणालीतून काढलेला आजचा कोड आणि नव्यातून काढलेला कोड यांची फाईलनिहाय तुलना व्हावी. लेबल लावून ग्राहकांना दिलेल्या महत्त्वाच्या आवृत्त्यांचीही तशीच तुलना व्हावी आणि त्यांतील एक-दोन प्रत्यक्ष बांधून पाहाव्यात. सोर्ससेफमध्ये फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवले असेल, तर त्याआधीची आवृत्ती तंतोतंत उभी करता येत नाही. अशा ठिकाणी तुलना जुळणार नाही, आणि ती का जुळत नाही हे लिहून ठेवावे लागेल.

नावांची यादी हा या वाचनातील सर्वांत मानवी भाग. जुन्या प्रणालीतील तीन-चार अक्षरी खाती, एकाच खात्यावर काम करणारी पाच माणसे, आणि ‘अ‍ॅडमिन’ या नावाखाली दडलेली शेकडो कामे. गिटला प्रत्येक नोंदीसाठी नाव आणि ई-मेल लागतो. ज्यांची ओळख पटत नाही, त्यांची जुनी खातीच तशीच ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. यादी पूर्ण दिसावी म्हणून सारे काही सध्याच्या पथकप्रमुखाच्या नावावर टाकण्याचा सोपा मार्ग निवडला, तर ज्याने ती ओळ कधी पाहिलीही नाही, त्याला उद्या तिचा जाब द्यावा लागेल. या कामी निवृत्त किंवा नोकरी बदललेल्या जुन्या सहकाऱ्याला केलेला एखादा दूरध्वनी कोणत्याही साधनापेक्षा उपयोगी पडतो.

नवा साठा सुरू झाल्यावर जुन्या डेटाबेसचे काय करायचे, हे बहुधा ठरलेलेच नसते. तो केवळ वाचनापुरता ठेवावा, दुरुस्तीआधीची आणि नंतरची अशा त्याच्या दोन प्रती असाव्यात, आणि तो उघडू शकणारे जुने विंडोज व सोर्ससेफ एखाद्या आभासी संगणकात बसवून त्यांच्यासोबतच जपावे. नुसत्या फायली ठेवल्या, तर पाच-सात वर्षांनी आठ अक्षरी नावांच्या त्या हजारो फायली उघडणार कशाने? तपासणीचे अहवाल, नावांची यादी आणि काय मागे ठेवले त्याचे टिपण नव्या साठ्यातच, पहिल्या नोंदीसोबत ठेवता येते. त्यासाठी काही किलोबाइट जागा लागते.